तीन तालुक्यांतली एकच आजी

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातलं एक कॉलेज, बीएचं दुसरं वर्ष, विषय समाजशास्त्र, वर्गात ५८ मुलं आणि शिकवायला मी. ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. मुलांची नावं तर घेतच नाही, सोयीसाठी एकाला सत्तरीवाला म्हणते (सत्तरी हा गोव्यातला तालुका, वाळपई त्यातलंच), एकीला पेडण्याची आणि तिसऱ्याला बुलेटवाला (बुलेट काकाची होती पण अख्खं कॉलेज त्याला तिच्यावरूनच ओळखायचं).

आमच्याकडे सेमिस्टरच्या शेवटी मोठी परीक्षा असते आणि मधल्या काळात आयएसए, म्हणजे अंतर्गत मूल्यमापन. टेस्ट, प्रेझेंटेशन, असाइनमेंट असं काहीही त्यात चालतं. ही असाइनमेंट २० मार्कांची होती. २२ जुलै २०२४, सोमवारी मी ती दिली. विषय माझाच, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता: माटोळीचा बाजार. गोव्याबाहेरच्यांना सांगते, चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली, कुळागरातली (म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली) फळं, पानं, घोस बांधतो, कांगलां, नागुलकुडो, तोरिंग, सुपारीचे घोस, नारळाची पेंड (म्हणजे घोसच). चवथीच्या आधी दोन-तीन दिवस या सगळ्याचा बाजार भरतो. घरातल्या नाहीतर वाड्यावरच्या साठीपुढच्या माणसाशी बोला, पूर्वी हा माल कोण आणायचं, कुठे विकायचं, आता काय बदललं, १२०० शब्द, इंग्लिशमध्ये. शेवटची तारीख २० सप्टेंबर, शुक्रवार.

चवथ त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. मी तारीख मुद्दाम नंतरची ठेवली, म्हटलं सुट्टीत मुलं घरी असणार, आजी समोर, माटोळी डोक्यावर, याहून सोपं काय हवं. आता लिहिताना हसू येतं. ज्या घरात पाच दिवस गणपती आहे, पाहुणे आहेत, नेवऱ्या तळणं चाललंय, रात्री घुमट (मातीचं वाद्य) घेऊन आरत्यांना या घरातून त्या घरात जायचंय, तिथे कोण १२०० शब्द लिहायला बसणार? मी स्वतः तरी चवथीच्या आठवड्यात कधी एक पेपर तपासलाय का? नाही.

सत्तरीवाल्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण पुढे लागणार आहे. चौथीपर्यंत गावातली मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्लिश. गोव्यात हे इतकं नेहमीचं आहे की आपण त्याच्याकडे बघतही नाही, घरी कोंकणी, पेपर मराठी, आरती मराठी, परीक्षा इंग्लिश. वर्गात प्रश्न विचारला की हा उत्तर द्यायचा, कोंकणी-मराठी-इंग्लिशची मिसळ करून, आणि बऱ्याचदा बरोबर द्यायचा. लिहायला दिलं की चार ओळी. संध्याकाळी केटरिंगच्या कामाला जायचा, सकाळी वाळपईहून कदंब (आमची सरकारी बस) पकडून यायचा, पहिल्या लेक्चरला कधी पोचायचा कधी नाही. हे सगळं मला पहिल्या सेमिस्टरपासून माहीत होतं आणि मी "इंग्लिश कच्चं" एवढं डोक्यात टिपून पुढे गेले होते.

प्रकरण काय होतं

तपासायला बसले त्या दिवशी पेडण्याच्या मुलीची असाइनमेंट पहिल्या पाचात आली. छान होती. तिची आजी गोवा मुक्तीच्या वेळी, म्हणजे १९६१ ला, नऊ वर्षांची. आईबरोबर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळीची पानं विकायला जायची, पावसात पानं भिजू नयेत म्हणून नाही तर वाऱ्याने फाटू नयेत म्हणून गोणपाटात गुंडाळायची. असलं वाक्य कुठल्या साइटवर मिळत नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही. मी १६ दिले.

मग आणखी दहा-बारा झाल्यावर सत्तरीवाल्याची उघडली. आजी मुक्तीच्या वेळी नऊ वर्षांची, केळीची पानं, गोणपाट, म्हापशाचा शुक्रवार. फक्त पेडण्याच्या जागी वाळपई. आता वाळपईची बाई साखळीचा, डिचोलीचा जवळचा बाजार सोडून, डोक्यावर केळीची पानं घेऊन त्या काळात म्हापशाला कशाला जाईल?

तिसरी आजी दुसऱ्या दिवशी भेटली, फोंड्याची. हीसुद्धा नऊ वर्षांची, हीसुद्धा म्हापशाला. बुलेटवाल्याने मात्र जरा मेहनत घेतली होती, मजकूर फुकटातल्या पॅराफ्रेज करणाऱ्या साइटमधून काढला होता. त्यामुळे 'सेलिंग बनाना लीव्हज' चं 'पेडलिंग प्लँटेन फोलिएज' झालं होतं आणि 'फ्रायडे बझार' चं चक्क 'फ्रायडे बिझार'. या प्रकाराला संशोधकांनी 'टॉर्चर्ड फ्रेझेस' असं नावच दिलंय, २०२१ मध्ये गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या शोधनिबंधांत असले नमुने शोधले होते, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' वगैरे. म्हणजे आमचा बुलेटवाला एकटा नाही, मोठे मोठे लोक त्याच्या पंगतीला आहेत.

स्टाफरूममध्ये मी हे वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसलो. हसून झाल्यावर विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, आता काय करणार?" आणि तिथून खरं काम सुरू झालं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, तिघांना शून्य. सरांचं मत हेच होतं, आज सोडलं तर पुढच्या वर्षी अख्खा वर्ग एकच आजी घेऊन येईल. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. माझी अडचण अशी की शून्य दिल्यावर मला यातलं काही कळणार नव्हतं, कुणी कुणाकडून घेतलं, का घेतलं, आणि पेडण्याची मुलगी त्यात नक्की कुठे बसते.

दुसरा, नियम काय म्हणतो ते बघायचं. मी हौसेने यूजीसीचे २०१८ चे प्लेजरिझमबद्दलचे रेग्युलेशन्स काढून वाचले. त्यात टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर, प्रत्येकाला वेगळी शिक्षा. मला वाटलं सापडलं. पण व्याख्येत लिहिलंय की हे मास्टर्स आणि संशोधनाच्या पातळीवरच्या प्रबंधांना, प्रकाशनांना लागू, आणि असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका यातून वगळल्यात. म्हणजे पीएचडीवाल्याला नियम आहे, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला नाही. आमच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी कमिटी आहे, पण ती हॉलमध्ये चिठ्ठी सापडली की बसते, घरून लिहून आणलेल्याचं काय ते आमच्याकडे कुणी कधी कागदावर ठरवलंच नव्हतं. विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनांतही मी "स्वतः लिहा" एवढंच म्हटलं होतं. मित्राला दाखवायचं की नाही, एआय वापरायचं की नाही, काही नाही.

तिसरा पर्याय एका तरुण सहकाऱ्याने सुचवला, सगळ्या ५८ असाइनमेंट एआय डिटेक्टरमधून काढा. मी नको म्हटलं आणि या एका निर्णयाबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनेच स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, त्यांच्याच चाचणीत तो एआयने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के ओळखत होता आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच बोट ठेवत होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी टोफेल परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले, आणि सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर एआयचा शिक्का बसला. कारण साधे शब्द, साधी वाक्यं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मराठी-कोंकणीतून इंग्लिशमध्ये आलेली आहेत, साधे शब्द वापरले म्हणून त्यांना चोर ठरवायचं? आणि तसंही आजी तीनदा आलीय हे कळायला मशीन लागत नाही.

चौथा, गुपचूप मार्क कापायचे. हे आपण सगळेच करतो, कबूल कोणी करत नाही. मुलाला ७ मिळतात, का मिळाले ते तो विचारत नाही, मी सांगत नाही, दोघेही सुखी.

पाचवा, एकेकाला बोलावून तोंडी विचारायचं. वेळ जातो, पण मी हा घेतला. घेताना एक चूक केली, सापडल्यापासून बोलावेपर्यंत नऊ दिवस घालवले. मध्ये गांधी जयंतीची सुट्टी आली, एक सेमिनार होता, आणि थोडं असंही की मला ते अवघड बोलणं नकोच होतं. चालढकलीवर लेख लिहिणाऱ्या बाईची ही गत. तेवढ्यात वर्गात बातमी पसरली होती आणि तिघांनी आपापली उत्तरं तयार केली होती.

काय केलं

आधी पेडण्याची आली. तिने सरळ सांगितलं, १९ तारखेला रात्री बाराच्या सुमारास सत्तरीवाल्याचा मेसेज आला, "फक्त बघायला दे, फॉरमॅट कळत नाही", तिने पीडीएफ पाठवली. बुलेटवाल्याकडे कशी गेली तिला माहीतच नव्हतं. "मॅडम, नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते हिला भाव आलाय." हे एकोणीस वर्षांच्या मुलीला किती जड असतं ते मला कळत होतं, तरीही मी तिला दोन मार्क कापणार आहे असं सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून गेली.

मग सत्तरीवाला.

"आजी कुठली तुझी?"

"वाळपईची."

"मग पानं घेऊन म्हापशाला कशाला जायची रे?"

बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग हळूच, "ती म्हजी आजी न्हय, मॅडम."

मी लॅपटॉप त्याच्यापुढे केला आणि म्हटलं तुझी फाइल उघड, गूगल डॉक्समध्ये कधी काय बदललं ते दिसतं ना, ते मला दाखव. मला वाटलं होतं एक पेस्ट दिसेल आणि संपलं. दिसलं ते वेगळंच. फाइल २४ जुलैला बनवलेली, म्हणजे असाइनमेंट दिल्यापासून दोन दिवसांत. त्या दिवशी फक्त शीर्षक. २ ऑगस्टला शीर्षकाचा फाँट बदललेला. १५ ऑगस्टला सुट्टीच्या दिवशी नाव, रोल नंबर, कॉलेजचं नाव मध्यभागी, मग शीर्षक मोठं, मग ठळक, मग परत लहान. ३ सप्टेंबरला एक वाक्य, 'माटोळी इज अ व्हेरी इम्पॉर्टंट', आणि तिथेच थांबलेलं, इम्पॉर्टंट काय ते नाही. मग थेट २० तारखेला रात्री एक वाजून बारा मिनिटांनी सगळा मजकूर एकदम, आणि पुढच्या चार मिनिटांत पेडण्याच्या जागी वाळपई.

दोन महिने हा मुलगा त्या फाइलभोवती घिरट्या घालत होता. आळशी माणूस फाँट चार वेळा बदलत नाही. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोघांनी २०१३ मध्ये मांडलं होतं की चालढकल म्हणजे वेळेचं गणित चुकणं नव्हे, त्या कामाकडे बघितलं की पोटात जी कालवाकालव होते ती तेवढ्यापुरती टाळणं. वाचलं होतं मी हे, वर्गात शिकवलंही होतं. पण ते असं तारीखवार, शीर्षक लहान-मोठं होताना पहिल्यांदाच बघितलं.

म्हटलं, बरं, मग तुझी आजी काय करते? आणि तो बोलायला लागला. आजी अजून रानात जाते. चवथीच्या आठवडाभर आधी शेजारणीला घेऊन कांगलां, नागुलकुडो काढून आणते, पूर्वी ती स्वतः साखळीच्या बाजारात न्यायची, आता पिकअपवाला दारात येतो आणि दहा रुपयांना जो घोस घेतो तोच पणजीत पन्नासला जातो हे तिला माहीत आहे, कारण यानेच तिला फोटो काढून दाखवला. त्यावर आजी काय म्हणाली ते छापण्यासारखं नाही. रानात कुठल्या झाडाचं किती काढायचं आणि किती ठेवायचं याचे तिचे हिशोब आहेत, पिकअपवाल्याची माणसं आली की फांदीच तोडतात यावर तिचा राग आहे. पंधरा मिनिटं बोलत होता. मला हवी ती असाइनमेंट, पूर्ण, समोर बसून सांगत होता.

"अरे मग हेच का नाही लिहिलंस?"

"इंग्लिशमध्ये कसं लिहायचं मॅडम? कांगलांना इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

मलाही माहीत नव्हतं. आणि मग थोडं थांबून तो दुसरं बोलला. वर्गातली बाकीची मुलं बाजारातून माटोळी विकत घेणाऱ्या घरची, आणि आपली आजी ती रानातून काढून विकणारी. "म्हाका लज दिसली." लाज वाटली.

बुलेटवाला शेवटचा. त्याच्याशी माझं नीट जमलं नाही. आधी नेट नव्हतं, मग फोन बिघडला होता, मग मीच लिहिलंय, मग मित्राने सबमिट केलं. जर्मनीत चार विद्यापीठांतल्या मुलांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला होता, त्यात चालढकल आणि गैरप्रकारांचा संबंध तपासताना सात प्रकार धरले होते, परीक्षेतली कॉपी, दुसऱ्याचा गृहपाठ उतरवणं वगैरे, आणि त्या यादीत खोट्या सबबीसुद्धा होत्या. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, सबब सांगणं आणि कॉपी करणं एका टोपलीत कसं? बुलेटवाल्यासमोर वीस मिनिटं बसल्यावर पटलं. माझा पारा चढला आणि मी फक्त फाइलबद्दल विचारत राहिले, कधी डाउनलोड केलीस, कुठल्या साइटवर टाकलीस. शेवटी त्याने कबूल केलं आणि आम्ही दोघेही दमून उठलो.

घरी फोन करायचा का हा प्रश्न आला. सरांचं म्हणणं पालकांना बोलवा. मी नाही म्हटलं, मुलं सज्ञान आहेत. सत्तरीवाल्याची आई बस पकडून रोजगार बुडवून आली असती आणि माझ्यासमोर पोराला बोल लावून गेली असती, बाकी काय झालं असतं?

ठरलं ते असं. दोन्ही मुलांनी असाइनमेंट पुन्हा करायची, १२०० नाही, ६०० शब्द, पण तीन टप्प्यांत. पहिल्या आठवड्यात आजीशी, आजोबांशी, कुणाशीही बोललेलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, मराठी-कोंकणी काहीही. दुसऱ्या आठवड्यात त्यावरून हाताने लिहिलेलं एक पान, भाषा कुठलीही. तिसऱ्या आठवड्यात इंग्लिशमध्ये मजकूर, स्थानिक शब्द आहेत तसेच ठेवायचे, कांगलां म्हणजे कांगलां. कितीही चांगलं केलं तरी २० पैकी १२ च्या वर मार्क नाहीत. सरांनी भाषेवर हरकत घेतली, पेपर इंग्लिशचा आहे म्हणाले. मी म्हटलं पेपर समाजशास्त्राचा आहे. जरा तापलंच वातावरण, पण शेवटचा मजकूर इंग्लिशमध्येच असल्यामुळे ते गप्प बसले.

टप्प्यांची कल्पना माझ्या डोक्यातली नाही. २००२ चा एक गाजलेला प्रयोग आहे, लोकांना प्रूफ तपासायला तीन मजकूर दिले, काहींना दर आठवड्याला एक द्यायचा, काहींना तिन्ही शेवटी एकदम, काहींना तारखा स्वतः ठरवायच्या. दर आठवड्याला देणाऱ्यांनी सगळ्यात जास्त चुका शोधल्या, शेवटी एकदम देणाऱ्यांनी सगळ्यात कमी, स्वतः ठरवणारे मध्ये. जाता जाता, याच्या दोन लेखकांपैकी एकाचं नाव असलेला २०१२ चा दुसरा एक पेपर, तोही प्रामाणिकपणावरचा, त्यातला डेटा बनावट असल्याचं उघड झाल्यावर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तो पेपर वेगळा, हा प्रयोग वेगळा, पण परीक्षेतल्या कॉपीवर काम करणाऱ्या माणसाने ही गोष्ट माहीत असलेली बरी.

निकाल

सत्तरीवाल्याचं रेकॉर्डिंग चौथ्या दिवशी आलं. सुरुवातीलाच आजीचा आवाज, एवढी वर्षं घरात आहे तेव्हा विचारलं नाहीस आणि आज मोबाइल घेऊन बसलास? मागे कोंबड्या. दुसरा टप्पा मराठीत आला, दोन्ही बाजूंनी भरलेलं पान, शुद्धलेखन यथातथा पण एक ओळ फुकट नाही. तिसरा दोन दिवस उशिरा आला, इंग्लिश अडखळत होतं, पण अडखळत होतं म्हणजे त्याचं स्वतःचं होतं. ११ दिले.

बुलेटवाल्याने रेकॉर्डिंग दिलं, चार मिनिटांचं, शेजारच्या कुणाचं तरी. पान दिलं. शेवटचा मजकूर दिलाच नाही. ४ मार्क. सेमिस्टर-एंडला तो पास झाला, म्हणजे तसं काही बिघडलं नाही.

पेडण्याच्या मुलीचे १६ चे १४ झाले. पुढचा अख्खा महिना ती वर्गात माझ्याकडे न बघता वही लिहायची. नंतर बोलायला लागली, पण पूर्वीसारखं लेक्चर संपल्यावर टेबलाशी येणं बंद झालं ते बंदच.

आणि एक गोष्ट मी धरलीच नव्हती. मार्क लागल्यावर डिचोलीची एक मुलगी आली, या प्रकरणात कुठेच नसलेली. ती आजोबांकडे तीन वेळा गेली होती, चवथीच्या आधी लिहून पूर्ण केली होती, इंग्लिश साधंच, तिला १३ मिळाले होते. ती म्हणाली, "मॅडम, त्याने कॉपी मारली आणि त्याला ११. मी तीन वेळा गेले आणि मला १३. तुम्ही त्याच्याबरोबर बसलात, त्याला समजावलंत, टप्पे करून दिलेत. मला कोणी दिलेत?" आवाज चढवला नव्हता. मी काहीतरी बोलले, शिकणं महत्त्वाचं वगैरे, आणि बोलतानाच मला कळत होतं की हे उत्तर नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख. आठ आठवडे आणि शेवटी एकच दरवाजा, हे मी केलं होतं. दोन आठवड्यांनी नुसतं "कोणाशी बोलणार आहात ते एका ओळीत लिहून द्या" एवढं मागितलं असतं तरी ऑगस्टमध्येच मला दिसलं असतं की या मुलाच्या कागदावर शीर्षकाशिवाय काही नाही.

भाषा. त्याला इंग्लिश येत नाही म्हणून त्याने कॉपी केली असं म्हणणं अर्धवट आहे, वर्गात त्याच्याहून कच्चं इंग्लिश असलेल्या मुलांनी स्वतः लिहिलं. पण मुलाखत एका भाषेत आणि लिखाण एकदम दुसऱ्या, यामध्ये एक पायरी हवी होती आणि ती मी ठेवली नव्हती.

पेडण्याची मुलगी. दोन मार्क कापणं चूक होतं असं मला आता वाटतं. शेअर करू नका असं मी कुठेच लिहिलं नव्हतं, आणि तिच्याशी मी शिक्षा सांगण्यापलीकडे काही बोलले नाही. सर अजूनही म्हणतात बरोबर केलंत. आमचं एकमत नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते बुलेटवाल्याचं. सत्तरीवाल्याला मी विचारलं, तुझी आजी काय करते. याला विचारलंच नाही. जानेवारीत कशावरून तरी विषय निघाला तेव्हा कळलं की तो फोंड्यात काकाकडे राहतो, बाबा बोटीवर, आजी-आजोबा सावंतवाडीकडे, घरचा गणपती तिकडे आणि त्या चवथीला तो गेलाच नव्हता. घरात साठीपुढचं माणूस नव्हतं, माटोळी नव्हती. वाड्यावर विचारता आलं असतं, हो, सूचनेत तसं लिहिलंही होतं. पण एवढ्या सबबी सांगितल्या त्यात ही एक खरी त्याने सांगितली नाही, आणि मी विचारली नाही. सत्तरीवाल्याने गोष्ट छान सांगितली म्हणून मी विरघळले की काय, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारते.

२०२५ च्या वर्गाला तीन टप्पे सगळ्यांनाच दिले, चवथीच्या आधी दोन आणि नंतर एक. रेकॉर्डिंगला ५ मार्क, हस्तलिखित पानाला ५, शेवटच्या मजकुराला १०. कोण काय शेअर करू शकतं, एआय कशाला चालेल कशाला नाही, अर्ध्या पानात लिहून दिलं. दहा-दहा मिनिटांची सगळ्यांची रेकॉर्डिंग म्हणजे नऊ-दहा तासांचं ऐकणं झालं, ते मी घरून कॉलेजला येता-जाता बसमध्ये ऐकलं, एकदा हसू आवरलं नाही म्हणून कंडक्टर बघत राहिला. तरी पाच-सहा जणांचं पहिल्या टप्प्याला काहीच आलं नाही, पण ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळलं आणि त्यांना गाठता आलं.

डिचोलीची मुलगी तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. नवीन पद्धत तिने नोटीस बोर्डावर वाचली आणि मला जिन्यात गाठून म्हणाली, असं असतं तर माझे रेकॉर्डिंगचे पाचपैकी पाच असते ना? मी हो म्हटलं. तिचे १३ होते ते १३च राहिले.